सांडवा चालू झाला!

ऑगस्टमधला मंगळवार, दुपारचे तीन. फोनवर चार शब्दांचा निरोप आला : ‘महाकालीचा सांडवा चालू झाला.’

महाकाली म्हणजे धाम नदीवरचं आमचं धरण. अशा निरोपाला वर्ध्यात कोणी उत्तर लिहीत नाही, गाडीची किल्ली शोधतो. आर्वी नाक्याजवळ माझ्या मित्राचं किराणा दुकान आहे. मी पोचलो तेव्हा त्याचं शटर अर्ध्यावर आलेलं होतं आणि तो एका गिऱ्हाइकाला साखर मोजून देता देता सांगत होता, ‘बाकी सामान उद्या घेऊन जाजा काका, आज पानी पाहाले चाललो.’ काकांनी तक्रार केली नाही. उलट विचारलं, ‘किती आहे?’ किती म्हणजे साखर नव्हे. सांडव्यावरून किती सेंटिमीटर पाणी चाललंय, ते.

येळाकेळी, आंजी, खरांगणा ही वाट ऑगस्टात डोळे निववणारी असते. दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या वर गेलेलं सोयाबीन, मध्ये कपाशी, तिच्यात तुरीच्या ओळी. डांबरावर काळी माती आलेली असते. ट्रॅक्टर तिचे गोळे टाकत जातो आणि दुचाकीवाल्याने नजर त्या गोळ्यांवरच ठेवायची असते. खरांगण्याच्या पुढे वाऱ्याचा वास बदलतो. मग आवाज येतो, आणि पाणी त्याच्यानंतर दिसतं.

सह्याद्रीतल्या माणसाला याचं हसू येईल. त्याच्याकडे कड्यावरून पडणारे धबधबे पैशाला पासरी. आमच्या जिल्ह्यात कडे नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या आर्वी-कारंजापर्यंत येतात आणि तिथून खाली काळी जमीन पसरत जाते. तेव्हा आमचा धबधबा सरकारी आहे : सिंचनासाठी बांधलेल्या धरणाचा सांडवा. वर्षातले दहा महिने तो कोरडा दगड असतो. त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. धरण काठोकाठ भरलं की पाणी आपलं आपण त्यावरून उतरतं. वर दरवाजे नसतील तर कोणी कळ दाबावी लागत नाही, कोणाची सही लागत नाही. रात्री दोनला भरलं तर रात्री दोनला सुरू. म्हणून ही सहल ठरवता येत नाही. घरचं लग्न, मुलांची परीक्षा, निंदणाची मजुरी हे सगळं ठरवून होतं. सांडवा मात्र वर कारंजाकडे पाऊस किती झाला त्यावर. त्या दिवशी अर्धी आर्वी आणि पाव वर्धा तिथे हजर होती. दुपारी तीनच्या निरोपावर.

मासिकांत, रील्समध्ये ‘अचानक निघालो’ म्हणून जे दाखवतात ते आठवून मला मौज वाटली. उष्ण कटिबंधातलं एखादं बेट, पांढरी वाळू, मागे जंगल, जंगलात धबधबा आणि पाण्यात एकटाच माणूस. कोणाच्याही पावलाचा ठसा नसलेला किनारा. उष्ण कटिबंधाचं म्हणाल तर आम्हीही त्यातलेच. नकाशा काढून बघा. वर्धा साधारण पावणेएकवीस अक्षांशावर आहे. हवाईतल्या माउई बेटावरचं हाना हे गाव, जिथवरचा रस्ता धबधब्यांसाठी आणि किनाऱ्यांसाठी जगभर नावाजलेला आहे, तेही जवळपास त्याच अक्षांशावर. त्यांच्या वाट्याला पॅसिफिक आला, आमच्या वाट्याला मे महिन्यातले सेहेचाळीस अंश. वर्ध्याहून नाकासमोर पश्चिमेला चालत राहिलं तर दीवचं बेट लागतं. पूर्वेला चालत राहिलं तर ओडिशातलं गहिरमाथा, जिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. दोन समुद्रांच्या मध्ये, जवळजवळ बरोबर मध्यावर आम्ही बसलो आहोत. सरळ रेषेत मोजलं तर कुठलाच समुद्र साडेपाचशे किलोमीटरच्या आत नाही.

या आडव्या रेषेवर आणखी एक गाव आहे, आणि ते आठवल्यावाचून वर्धेकराला राहवत नाही. दांडी. १२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून निघाले, चोवीस दिवस चालून समुद्रापाशी पोचले आणि ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचललं. स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमती आश्रमात परत येणार नाही, असं म्हणून ते बाहेर पडले होते. पुढे जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये शेगावात राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम. दांडी आणि सेवाग्राम यांच्या अक्षांशांत सोळा-सतरा किलोमीटरचा फरक. देशाला समुद्रावर नेणाऱ्या माणसाने घर बांधलं ते समुद्रापासून इतक्या लांब. त्यामागे काही संकेत होता असं मी म्हणत नाही, योगायोगच तो. पण आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही असं कोणी हळहळलं की मी हा योगायोग पुढे करतो.

त्यांच्या अस्थी मात्र आमच्या नदीत आल्या. १२ फेब्रुवारी १९४८ ला पवनारला धाम नदीत त्यांचं विसर्जन झालं. नदीच्या पात्रातल्या काळ्या कातळावर छत्री उभी आहे आणि दर वर्षी त्या तारखेला तिथे मेळा भरतो. उन्हाळ्यात त्या छत्रीपर्यंत पाय न भिजवता जाता येतं. मुलं खडकांतल्या डबक्यांत मासे हुडकत असतात, बाया कपडे धुतात, कोणी टरबूज फोडून बसलेलं असतं. जुलैत मोठा पाऊस झाला की त्याच छत्रीला पाण्याचा वेढा पडतो आणि तिचं बेट होतं. आमचं एकमेव बेट म्हणा हवं तर. वर्षातून दोन-चार दिवस उगवणारं. ते बघायलाही लोक अचानकच निघतात, पुलावर उभे राहतात, आणि दर वेळी कोणी तरी म्हणतंच, ‘मागच्या साली यापेक्षा बम होतं.’

पलीकडच्या काठावर विनोबांचा आश्रम. १९३८ मध्ये तब्येत पार खालावलेली असताना विनोबा इथे आले. धाम नदीच्या पलीकडचं म्हणून ‘परंधाम’ हे नाव त्यांनीच दिलं. तब्येत सुधारायची म्हणून ते रोज थोडी जमीन खणू लागले आणि कुदळीला जुन्या मूर्ती लागू लागल्या. राम-भरत भेटीचं शिल्प त्यातलंच. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असं वा. वि. मिराशींनी मांडलं होतं. १९५९ मध्ये विनोबांनी इथे बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. अजूनही तिथे बहिणी स्वतः झाडतात, शेतात राबतात, ठरल्या वेळी प्रार्थनेला बसतात. पवनारच्या घाटावर सहलीचा गोंगाट असतो, चिप्सची पाकिटं असतात. आश्रमाच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं की जमिनीवर कागदाचा कपटा दिसत नाही. नदी तीच, काठ तोच.

‘अस्पर्शित’ हा शब्द प्रवासाच्या जाहिरातींनी फार स्वस्त केला आहे. आमच्या जिल्ह्यात अस्पर्शित राहिलेली जागा मला एकच माहीत आहे, बोरच्या जंगलाचा गाभा. १९७० मध्ये अभयारण्य झालं, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. १३८ चौरस किलोमीटर म्हणजे देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत अगदी धाकटा. त्याच्या पोटात बोर धरणाचं पाणी आहे. त्या पाण्याचा दूरचा काठ धरणाच्या भिंतीवरून दिसतो. गवत थेट पाण्यापर्यंत उतरलेलं असतं, अधूनमधून चितळ, आणि ओल्या मातीत कोणाचे ठसे असतील ते इथूनच ओळखायचं. तिथे हवं तेव्हा जाता येत नाही. म्हणूनच तो तसा आहे. पावसाळ्यात, म्हणजे तो काठ सगळ्यात देखणा असतो तेव्हा, गाभ्याचे दरवाजे बंद असतात. आम्ही चडफडतो आणि भिंतीवर बसून भुट्टा खातो. वाघाला आमच्या चडफडण्याचं काही नाही.

महाकालीला असा पहारा नाही. सांडव्याच्या खालच्या खडकांवर त्या मंगळवारी प्लास्टिकचे ग्लास होते, दारूच्या बाटल्या होत्या, कोणाची तरी एकटी चप्पल होती. दुकानदार मित्र ग्लास गोळा करत सुटला. समाजसेवेचा आव नव्हता. म्हणाला, ‘हेच पानी येळाकेळीले, पवनारले येते ना बे. उद्या आपल्याच नळाले.’ खरंच आहे ते. वर्धा शहराला पाणी धाम नदीचं. महाकालीच्या धरणातून सोडतात आणि खाली उचलतात. इतक्या जवळचा हिशेब फार थोड्या पर्यटनस्थळांना लागू पडत असेल. इथे माणूस सहलीला जातो तो स्वतःच्याच पिण्याच्या पाण्यावर.

खडकांविषयी थोडं सांगायला हवं. कारण दर पावसाळ्यात ‘सहलीला गेलेला तरुण बुडाला’ ही बातमी कुठल्या ना कुठल्या धरणाखालून येते आणि लोक म्हणतात, पोहता येत नसेल. पोहण्याचा तिथे फारसा संबंध नसतो. हा सगळा काळा बेसाल्ट. उन्हाळ्यात तळव्याला चटके देणारा, पावसाळ्यात आठवड्याभरात शेवाळाने माखलेला. त्यात पाण्याने गरागरा फिरवलेल्या गोट्यांनी कोरलेले रांजणखळगे असतात. वर गढूळ पाणी दिसतं घोट्याएवढं, पुढचं पाऊल पडतं छातीभर खोलात. सांडव्याच्या पायथ्याशी तर आणखी वेगळं. उंचावरून पडणारं पाणी तळाशी जाऊन वर येतं आणि उलटं, भिंतीकडे वळतं. त्या फेऱ्यात सापडलेलं लाकूड तासन्‌तास तिथेच गरगरताना मी पाहिलं आहे. पुढे जात नाही, बुडत नाही, सुटत नाही. त्या फेसात हवा इतकी मिसळलेली असते की ते पाणी माणसाला धड तोलूनही धरत नाही. लांबून दुधासारखं दिसतं ते हेच.

आणि मोठ्या नदीवर आभाळाचाही भरवसा नाही. वर्धा नदी उगम पावते मुलताईला, बैतूल जिल्ह्यात. पाऊस तिकडे पडतो. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धाचे तेरा दरवाजे आहेत आणि खाली आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धाचे एकतीस. वरचे उघडले की पाणी खाली येणार. खालचं धरण आधीच भरलेलं असेल तर त्याचेही उघडावे लागणार. आर्वीत लख्ख ऊन पडलेलं असतं, नदीकाठी कोणी सेल्फी काढत असतं, आणि पाणी हातभर वर चढलेलं असतं. भोंगा वाजतो, गावात दवंडी दिली जाते, तहसीलच्या गटांवर निरोप फिरतात. पण सहलीला आलेला माणूस त्या गावच्या गटात नसतो.

याच नदीवर वरच्या अंगाला, वरूड तालुक्यात झुंज नावाचं ठिकाण आहे. नदी तिथे खडकांवरून उतरते, तोच धबधबा. १४ सप्टेंबर २०२१ ला गाडेगावात दशक्रियेच्या निमित्ताने जमलेले नातेवाईक तो पाहायला होडीतून निघाले. होडी उलटली आणि अकरा जण गेले. दुःखाच्या घरात जमलेली माणसं. चार दिवस सुतकात काढल्यावर कोणी तरी म्हटलं असेल, चला, जवळच आहे, पोरांना दाखवून आणू. हे वाक्य मी कल्पनेने लिहितो आहे, पण आपल्यापैकी प्रत्येकाने ते कधी ना कधी म्हटलेलं आहे, आणि एखाद्या अशाच होडीत पायही ठेवला आहे. त्या दिवसानंतर मी होडीत चढण्याआधी माणसं मोजतो. लोक हसतात.

खऱ्या समुद्राकडेही आम्ही एकदा अचानक गेलो. अचानक म्हणजे वर्धेकराच्या हिशेबाने : चार दिवस आधी. कोजागिरी झाली होती. मित्राच्या घरचं सोयाबीन निघून घरात आलं होतं आणि कापसाच्या वेचणीला अजून आठवडा होता. त्या फटीत तो म्हणाला, ‘आईनं समुद्र नाही पाह्यला.’ नागपूर-मडगाव गाडी वर्ध्याला थांबते. दुपार कलताना बसलो आणि दुसऱ्या दिवशी कुडाळला उतरेपर्यंत त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी, भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी यांवर अर्धा डबा पोसला होता. पनवेलनंतर बोगदे सुरू झाले तशा त्या खिडकीपासून हलेनात. ‘एवढं हिरवं अन् एकही कपाशी नाही,’ एवढाच त्यांचा कोकणावरचा अभिप्राय.

आमचं घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. मला धबधबाही हवा होता आणि किनाराही, एकाच सहलीत. कोकणात हे जमवणं वाटतं तितकं सोपं नाही. धबधबे जूनपासून, आणि त्याच काळात समुद्र खवळलेला. मासेमारी जून-जुलै बंद, किल्ल्याला जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ ऑगस्ट संपेपर्यंत बंद. होड्या सुरू होतात तेव्हा धबधबे बारीक व्हायला लागतात. दोन्ही धडपणे सापडतात ते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या चार-सहा आठवड्यांत. बेटांच्या जाहिरातीत हे कोणी सांगत नाही. वैभववाडीजवळचा नापणे बारमाही आहे म्हणून तो गाठला. तेव्हा तिथे झाडी, पाणी आणि आम्ही तिघं. आता २०२५ पासून तिथे काचेचा पूल आहे.

मालवणला दुपारी पोचलो. काकू वाळूत पाय पसरून बसल्या. समोर सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्याची पायाभरणी केली तो किल्ला, चहूकडून खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी. मी हे सगळं सांगत होतो. काकू ऐकत नव्हत्या. त्यांची नजर पाण्याच्या कडेवर होती. त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या, तिथवर पाणी आलं. त्यांनी चपला उचलून मागे ठेवल्या. थोड्या वेळाने तिथवरही आलं. मग त्या उठल्याच.

‘हे पानी वर येऊन रायलं ना रे,’ त्या म्हणाल्या. ‘कोनं सोडलं?’

जवळ एक होडीवाला जाळं सोडवत बसला होता. त्याला प्रश्न कळायला क्षणभर लागला. मग तो हसून म्हणाला, ‘सोडूक कोण व्हयो? आज पंचमी. पावणेचारांक भरती पुरी.’ आणि त्याने हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी म्हणजे पाच, त्याची पाऊणपट पावणेचार. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ढोबळ आहे, पण त्यावर पिढ्यान्‌पिढ्या होड्या बाहेर पडल्या आणि परत आल्या. काकूंनी बोटांवर दोनदा मोजलं. पंचांग त्यांना पाठ असतं. एकादशीची वेळ त्यांनी स्वतःच काढली आणि होडीवाल्याने मान हलवल्यावर शाळेत पहिला नंबर आल्यासारख्या माझ्याकडे बघितलं. पावणेचारला पाणी जिथवर आलं तिथे थबकलं. मग मागे सरकू लागलं. काकू परत खाली बसल्या, आता निवांत. वेळेवर येणारी आणि वेळेवर जाणारी गोष्ट त्यांच्या ओळखीची होती, रेल्वेपेक्षा तर नक्कीच बरी.

मला मात्र तिथे बसल्या बसल्या आमची धाम आठवत होती. समुद्र केवढा, पण त्याचा दिवस आधी सांगता येतो. धाम उन्हाळ्यात डबक्यांची माळ असते, आणि ती कधी उठेल हे कुठल्या तिथीत बसत नाही.

अंदमानला जाऊन आलेलं एक जोडपं आमच्या कॉलनीत आहे. निवृत्त शिक्षक दोघंही. सेवाग्राम स्टेशनावरून चेन्नईची गाडी, तिथून विमान. सहा महिने आधी सगळं आरक्षण. जाहिरातीतलं चित्र म्हणाल तर ते लिटल अंदमानला सापडतं : जंगलातला धबधबा आणि लांबलचक मोकळा किनारा, एकाच बेटावर. त्यांना तिथे जायचं होतं, पण हवा बिघडली आणि जहाज रद्द झालं. परत आल्यावर गुरुजी म्हणाले, ‘आमची एकच गोष्ट अचानक झाली. जहाज रद्द.’ अगदी दक्षिणेच्या ग्रेट निकोबारवर १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबं सरकारने वसवली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. तिथल्या गॅलथिया खाडीत लेदरबॅक ही जगातली सर्वांत मोठी समुद्री कासवं अंडी घालतात, आणि त्याच खाडीत आता मोठं बंदर व्हायचं आहे. बोरच्या काठाला निदान वाघ तरी राखतो.

गंमत म्हणजे महाकालीच्या सांडव्याचं पाणीही निघालेलं असतं तिकडेच. धाम वणेला मिळते, वणा वर्धेला, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत, गोदावरी बंगालच्या उपसागरात. अंदमान त्याच समुद्रात. आम्ही दुचाकीवरून परत फिरतो, पाणी पुढे जातं.

त्या मंगळवारी काकूही आल्या होत्या, शेजारच्या रिक्षेतून, मागाहून. मुलाने फोन केला होता. भिंतीपासून बऱ्याच लांब, बाभळीखालच्या उंचवट्यावर त्या उभ्या राहिल्या आणि खाली यायला तयार होईनात. खाली पोरं फेसात हात घालत होती. चौकीदार शिट्टी वाजवत होता आणि त्याच्या शिट्टीकडे कोणी पाहत नव्हतं. पाण्याचा आवाज एवढा की काकूंचं बोलणं ऐकायला मला त्यांच्याजवळ जावं लागलं.

‘सांग बरं,’ त्या म्हणाल्या, ‘याची तिथी कोनती?’

मी काही बोललो नाही. मित्राला हाक मारली, तो ग्लासांची पिशवी घेऊन वर आला. अंधार पडायच्या आत निघालो. खरांगण्याला थांबून भुट्टे घेतले. काकूंनी आपला भाजताना दोनदा परत शेगडीवर ठेवायला लावला, कच्चा लागत होता म्हणून.